साधं नेसा, पण मोकळ्या गळ्यानं जाऊ नका : सीमाभागातल्या लग्नांसाठी कपड्यांची तयारी

आतेबहिणीचं लग्न चिकोडीजवळच्या एका गावात होतं. मी करड्या रंगाची, काठ नसलेली लिननची साडी नेसले होते. कानात चांदीचे बारीक खडे, गळा मोकळा. रोज अशीच राहते मी, आणि मला ते आवडतं. मांडवात पाय ठेवला तोच मोठ्या आत्यानं मनगट धरून मला रुखवत मांडलेल्या खोलीत नेलं. दार लोटलं. स्वतःच्या गळ्यातली बोरमाळ काढून माझ्या गळ्यात घातली, मागचा गोंडा ओढून नीट बसवला आणि हळूच विचारलं, "रागावून आलीयास काय गं बाळ? कोण काय बोललं तुला?"

तिनं मला नावं ठेवली नव्हती. तिला खरोखरच काळजी वाटली होती. आपल्याकडं भाची मोकळ्या गळ्यानं, उदास रंगात लग्नाला आली म्हणजे काहीतरी बिनसलंय, असाच अर्थ लागतो. माझी आवड तिला दिसलीच नाही, तिला दिसली माझी नाराजी. त्या दिवशी मला कळलं की लग्नातले कपडे आपण घरच्यांना सांगितलेला निरोप असतात. तो निरोप थोडक्या शब्दांत देता येतो, पण द्यावा लागतो.

नोकरीनिमित्त किंवा लग्न होऊन बेळगाव, खानापूर, निपाणी, अथणी या बाजूला नव्यानं आलेल्यांसाठी मी हे लिहिते आहे. इथंच वाढलेल्या, पण आता स्वतःच्या पैशानं स्वतःचे कपडे घेऊ लागलेल्या मुलामुलींनाही ते उपयोगी पडेल. ज्यांना झगमगाट सोसत नाही, कपाटात मोजके कपडे हवेत, एकच साडी दहा वेळा नेसायला ज्यांची हरकत नाही, त्यांनी आवड सोडायची गरज नाही. आपल्या भागातलं जुनं विणकाम मुळात फार मोजकं आहे. ते ओळखता आलं की काम सोपं होतं.

पहिलं काम : पत्रिका वाचा आणि नातं मोजा

इकडच्या बऱ्याच पत्रिका एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कानडी अशा असतात. कुठल्याही बाजूनं वाचा, पण मुहूर्त आणि ठिकाण नीट बघा. दुपारी साडेबाराच्या अक्षता असतील तर ऊन, गर्दी आणि नंतर जेवण, हे सगळं त्याच कपड्यांत व्हायचं आहे. गोरज मुहूर्त असेल तर संध्याकाळचा गारवा धरा. बऱ्याच घरांत साखरपुडा आणि लग्न एकाच दिवशी उरकतात. तिथं पाहुण्याला एक जोड पुरतो. हळदीला जाणार असाल तरच दुसरा काढा.

मग नातं. मी स्वतःसाठी एक साधा हिशेब ठेवलाय : नातं जितकं जवळचं, तितका काठ रुंद. ऑफिसातल्या सहकाऱ्याच्या लग्नाला बोटभर काठ पुरतो. सख्ख्या मावसभावाच्या लग्नात चार बोटं काठ हवा. तुम्ही करवली असाल, म्हणजे नवरीच्या किंवा नवऱ्याच्या पाठीशी उभ्या राहणार असाल, तर आधी त्या घरच्या बायकांशी बोलून घ्या. करवली फोटोत असते, विधीत असते, तिच्या हातात कऱ्हा असतो. तिनं फिकं नेसलेलं घरच्यांना लागतं, आणि ते त्यांचं चुकतं असं मला वाटत नाही.

रंग

मोजके कपडे वापरणाऱ्यांच्या कपाटात बहुधा काळा, पांढरा, करडा आणि मातकट रंग असतात. इथं नेमके तेच अडतात. काळी चंद्रकळा आपण संक्रांतीला हौसेनं नेसतो, पण लग्नात काळं नको म्हणतात. बाईच्या अंगावर नुसती पांढरी साडी आली की जुन्या माणसांच्या मनात दुःखाचं घर येतं. करड्याचं काय होतं, ते वर सांगितलंच. पुरुषांना मात्र पांढरं चालतं. पांढरं धोतर, पांढरा सदरा, पांढरी टोपी हा इकडच्या आजोबांचा लग्नातला पूर्ण पोशाख आहे.

हा फरक कुठून आला ते विसरून नुसता नियम पाळावा असं मला वाटत नाही. फिकं लुगडं, मोकळं कपाळ, मोकळे हात हे आपल्या कितीतरी आज्यांवर नवरा गेल्यावर लादलं गेलं. त्यांनी ते निवडलं नव्हतं. आमच्या निपाणी-चिकोडीपासून फार लांब नसलेल्या, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा आमच्या घरात त्यावर दोन दिवस बोलणं चाललं होतं. आत्या सगळ्यांत जास्त बोलली. साधेपणा तुम्हीआम्ही आवडीनं निवडतो, पण तिच्या पिढीला तो शिक्षेसारखा दिसत आलाय. म्हणून तिच्यासमोर साधं राहताना ते साधेपण आनंदाचं आहे, हे दिसू द्यावं. आणि तुमच्या घरी लग्न असेल आणि एखादी विधवा काकू मागं बसली असेल, तर तिला पुढं बोलवा, जरीची साडी द्या, ओटीही भरा. कपड्यांच्या बाबतीत याहून महत्त्वाचं मला काही सांगायचं नाही.

आता नेमके रंग. एकच रंग घ्या, पण तो भरलेला घ्या : विटकरी, अंजिरी, मोरपंखी, डाळिंबी, गर्द मेंदी, जांभळा. हे रंग अंगावर ओरडत नाहीत आणि मांडवाच्या उजेडात मरतही नाहीत. पूर्ण पिवळी साडी आणि हातभर हिरव्या बांगड्या असा जोड मात्र टाळा. तो नवरीचा आहे.

साडी : इरकल आधी बघा

माझ्या मते साधेपणा आवडणाऱ्या बाईसाठी इरकलीइतकी योग्य लग्नाची साडी दुसरी नाही. बागलकोट जिल्ह्यातल्या इलकल गावची ही साडी. आपल्या आज्या शेतावरही हीच नेसायच्या आणि लग्नातही. फरक सुताचा आणि रेशमाचा. अंग सपाट, एका रंगाचं किंवा बारीक चौकड्याचं. नक्षी फक्त काठात आणि पदरात. बुट्टा नाही, खडा नाही, टिकली नाही.

पदर लाल, त्यावर पांढऱ्या रेघांची नक्षी. तिला टोपी-तेनी म्हणतात. कानडीत तेनी म्हणजे कणीस. ज्वारीच्या पट्ट्यातली साडी आहे, तेव्हा पदरावर जोंधळ्याचं कणीस येणारच. पदर पुढं घेऊन एकदा नीट बघा : देवळाच्या शिखरासारखे दाते आणि त्यांच्या शेजारी कणसांची ओळ.

खरी इरकल ओळखायची खूण बोटांना कळते. हातमागावर अंगाचा ताणा (उभे धागे) वेगळा असतो, पदराचा वेगळा, आणि दोन्ही ताणे एकमेकांत फास अडकवून जोडतात. ही जोडणी प्रत्येक साडीला नव्यानं करावी लागते. म्हणून लाल पदर जिथं सुरू होतो तिथं चिमटीत कापड धरून हळूच सरकवा. एक बारीक कंगोरा लागतो, जणू आडवी दोरी आत गेली आहे. यंत्रावरच्या नकलेत तो लागत नाही. रंग नुसता बदलतो. दुकानदार खरं सांगेल न सांगेल, ते जोड सांगतो.

बेळगावात खडेबाजार, गणपत गल्ली आणि शहापूर इथं साड्यांची दुकानं आहेत. शहापूर-वडगाव-खासबाग हा तर विणकरांचाच पट्टा, गल्लीतून जाताना अजून मागांचा आवाज येतो. शनिवार-रविवारची गर्दी टाळून सकाळी जा, आणि दुकानात दोन गोष्टी विचारा : अंगाचं सूत कुठलं? काठ आणि पदर रेशमाचा की चमकणाऱ्या नकली धाग्याचा? अंग सुती आणि काठ-पदर रेशमी असेल तर उन्हाळ्यातल्या दुपारच्या लग्नाला ती साडी उत्तम. पूर्ण रेशमी असेल तर मार्गशीर्षातल्या लग्नासाठी ठेवा. नवी साडी घडीवर कडक वाटते, पण दोन-तीनदा नेसली की चुण्या बसतात. म्हणून लग्नाच्या आधी घरात एकदा तासभर नेसून बघा.

काहींना इरकलीवर कशिदा हवा असतो. कशिदा म्हणजे इकडची कसुती, धारवाडकडची जुनी सुईकला. धागे मोजून भरतात, गाठ मारत नाहीत. गोपूर, रथ, हत्ती, तुळशीवृंदावन हे तिचे नेहमीचे आकार. गवंती आणि मुरगी हे टाके दोन्ही बाजूंनी सारखे दिसतात. साडी उलटी करून बघितली तरी गाठींचं जंजाळ दिसत नाही. मला विचाराल तर पदराजवळ एक ओळ कसुती पुरे. अंगभर भरली की कापडाचा शांतपणा जातो.

पैठणी वाईट नाही, पण तिचा पदर समारंभावर राज्य करतो. आईची किंवा सासूबाईंची जुनी पैठणी असेल तर अवश्य नेसा. केवळ लोक नेसतात म्हणून कर्ज काढून नवी घेऊ नका.

साडीच घ्यायची नसेल तर : खण

हा सगळ्यांत स्वस्त आणि माझ्या अनुभवात सगळ्यांत खात्रीचा मार्ग. घरातली तुमची आवडती सपाट सुती साडी काढा, भरल्या रंगातली, आणि तिच्यावर खणाचं ब्लाउज शिवून घ्या. गुळेदगुड्डचा खण, तोही बागलकोट जिल्ह्यातलाच. चोळीसाठीच विणलेलं लहान पन्ह्याचं कापड, त्यामुळे मोठ्या मापाच्या किंवा लांब बाहीच्या ब्लाउजला एक खण पुरत नाही. शिंप्याला माप विचारून मगच घ्या, आणि दोन लागत असतील तर एकाच वेळी एकाच गठ्ठ्यातून घ्या. पुढच्या वेळी तोच रंग मिळेल याचा भरवसा नाही.

शिवायला देताना कागदावर चित्र काढून द्या. माझ्या पहिल्या खणाचे दोन्ही काठ शिंप्यानं कापून टाकले, कारण मी फक्त "साधं शिवा" एवढंच म्हटलं होतं. काठ गेल्यावर उरलं ते नुसतं ठिपक्यांचं कापड. आता मी सांगते ते असं : एक काठ दोन्ही बाह्यांच्या टोकाला, दुसरा पाठीवर गळ्याखाली, आत सुती अस्तर, शिवणीत दोन बोटं माया. तुळशीच्या लग्नानंतर आणि मे महिन्यात शिंपी हातात काम घेत नाहीत, म्हणून किमान तीन आठवडे आधी द्या आणि लग्नाच्या चार दिवस आधी घालून बघा.

पंजाबी ड्रेस किंवा लांब कुर्ता घालून गेलात तरी चालतं, आता कोणी काही म्हणत नाही. फक्त ओढणी घ्या, आणि ती खणाची किंवा काठाची घ्या. का, ते पुढं ओटीपाशी कळेल.

दागिना : एकच, पण दिसणारा

आत्याच्या बोरमाळेनं माझं सगळं काम एका क्षणात केलं होतं. साडी तीच राहिली, करडीच, पण नंतर मला कुणी काही विचारलं नाही. गळ्यात एक पिवळी ओळ आली आणि निरोप पोचला.

म्हणून गळ्यात एक निवडा. ठुशी गळ्यालगत बसते, तिच्यावर दुसरं काही लागत नाही. बोरमाळ थोडी खाली येते. तिचे मणी आतून लाखेचे, वरून पातळ सोन्यानं मढवलेले, त्यामुळे अंगावर भारी दिसते आणि वजनाला हलकी असते. मात्र ती दाबली तर मण्यांना पोचे पडतात आणि उन्हात तापवली तर आतली लाख मऊ होते, म्हणून गाडीच्या पुढच्या काचेजवळ ठेवू नका. कोल्हापुरी साजात चंद्र, बेलपान, मासा अशी एकेक पानडी असते. साज घातलात तर कानात आणि हातात अगदी थोडं ठेवा.

सोन्याचं नसेल तर चांदीवर पाणी दिलेली ठुशी घ्या. तीही अंगावर शोभते, आणि ती सोन्याची आहे की नाही हे विचारायला लग्नात कोणी येत नाही.

गळ्यात काहीच सोसत नसेल तर बुगडी. कानाच्या वरच्या पाळीला घालायचा, बोटाच्या पेराएवढा दागिना. आपल्या बाजूच्या म्हाताऱ्या बायकांच्या कानात अजून दिसतो. वरचा कान टोचलेला नसेल तर दाबाची मिळते. एक बुगडी आणि अंबाड्यावर गजरा, बाकी कान-गळा मोकळा, असं मी एका भाचीला तयार केलं होतं. पंक्तीत शेजारी बसलेल्या, बैलहोंगलकडून आलेल्या एका आजींनी तिचा कान बघून तिला जवळ ओढलं आणि म्हणाल्या, "छलो ऐती!" छान आहे, असं.

हातात बांगड्या असू द्याव्यात. हातभर नकोत, काचेच्या चार-चार किंवा एकेक पाटली. अक्षता टाकताना, वाढताना, नमस्कार करताना सगळ्यांचं लक्ष हाताकडं जातं. टिकली बारीक लावा, पण लावा. ज्यांना टिकली-बांगडी हे बंधन वाटतं, त्यांच्याशी मी वाद घालणार नाही. त्यांनी गजरा माळावा. फूलही तोच निरोप देतं.

ओटी, पंगत आणि वाकणं

नव्या माणसाला हे कोणी सांगत नाही म्हणून मुद्दाम लिहिते. निघताना घरातल्या बाई हळदीकुंकू लावून तुमची ओटी भरतील : तांदूळ, नारळ, खण, कधी सुपारी-हळकुंड. हे हातात घ्यायचं नसतं, पिशवीतही नाही. पदराचं टोक दोन्ही हातांनी पुढं धरून त्यात घ्यायचं असतं. पदराला खांद्यापासून कमरेपर्यंत पिना मारून टाकल्या असतील तर ऐन वेळी पदर सुटत नाही आणि ती बाई ओंजळीत तांदूळ घेऊन थांबून राहते. म्हणून खांद्यावर एकच पिन, आणि पदराची लांबी गुडघ्याखालपर्यंत. पदर नसेल तर ओढणी पसरा. मिळालेला खण जपून ठेवा. पुढच्या लग्नाचं ब्लाउज त्यातून निघतं.

खेड्यात अजून पंगती बसतात. मांडी घालून बसता येईल असे कपडे घाला. मोठ्यांच्या पाया पडायला दहा वेळा वाकावं लागतं, तेव्हा गळा किती खोल ते आधी आरशासमोर वाकून बघा.

हळदीचा दिवस

जुने, सुती आणि पिवळे कपडे. नव्या फिक्या कपड्यांवर हळद पडली तर लगेच साबण लावू नका. साबणानं हळदीचा डाग लालसर होतो. आधी गार पाण्यानं धुवा, मग साबण लावा आणि चांगल्या उन्हात वाळत घाला. दोन-तीन उन्हं लागली की डाग पुष्कळ उतरतो.

पुरुषांसाठी

तुमचं काम फार सोपं आहे. कडक इस्त्रीचा क्रीम किंवा पांढरा नेहरू शर्ट, खाली पायजमा किंवा धोतर, खांद्यावर हवं तर काठाचं उपरणं. झालं. चमकी भरलेली शेरवानी पाहुण्यानं घालू नये, ती नवऱ्या मुलाची. काळा सदरा टाळा. सुती कापडाला हलकी खळ दिलीत तर संध्याकाळपर्यंत चुरगळत नाही.

दोन गोष्टी मात्र नाकारू नका. एक फेटा. दारात फेटे बांधायला माणूस बसलेला असतो, त्याच्यापुढं जाऊन बसा आणि बांधून घ्या. रंग तुमच्या आवडीचा नसला तरी, कारण तो घरच्यांनी सगळ्यांसाठी एकच ठरवलेला असतो. अक्षता पडेपर्यंत तरी डोक्यावर ठेवा. उतरवल्यावर खुर्चीवर टाकू नका, घडी करून पिशवीत ठेवा. दुसरा मान टॉवेल-टोपीचा. गावाकडच्या लग्नात नाव पुकारून नारळ, टॉवेल, टोपी देतात. टोपी तिथल्या तिथं डोक्यावर घालून हात जोडायचे. ज्यानं दिली त्याला तेवढंच बघायचं असतं.

जैन घरचं लग्न असेल तर पूजेच्या जागी चामड्याचा पट्टा, पाकीट, पर्स नेऊ नका. बायकांनीही कापडी बटवा घ्यावा. खणाचा बटवा सगळ्याच लग्नांना चालतो.

पायात

कोल्हापुरी. नाव कोल्हापूरचं असलं तरी अथणी, निपाणीकडचे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या ही चप्पल करत आलेत, आणि २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा त्यात महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार असे आठ जिल्हे आले : कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. सीमेच्या दोन्ही बाजूंची माणसं जिच्यावर सारखाच हक्क सांगू शकतात अशी ही वस्तू आहे, आणि ती पायात घालताना मला त्याचा आनंद होतो.

नवी चप्पल लग्नाच्या दिवशी पहिल्यांदा घालू नका. अंगठ्याजवळ आणि चपलेच्या बाजूच्या कानाच्या वादीखाली कातडं चावतं. दहा दिवस आधी आणा, रात्री अंगठ्याच्या आणि पट्ट्याच्या आतल्या बाजूनं खोबरेल तेलाचं बोट फिरवा, सकाळी पुसून घरात अर्धा तास घाला. आठवड्यात ती पायाची होते. कातडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं असतं, पाणी त्याला सोसत नाही. एप्रिल-मे मध्ये बेळगावात दुपारी चारनंतर वळीव कधीही येतो. खानापूरच्या बाजूला तर हमखास. पिशवीत एक साधी रबरी चप्पल असू द्या, आणि भिजलीच तर कोल्हापुरी उन्हात नाही, सावलीत वाळवा.

मांडवाबाहेर शंभर कोल्हापुऱ्या एकसारख्या दिसतात. मी आतल्या बाजूनं टाचेशी लाल दोऱ्याचा एक टाका घालून ठेवते.

थंडी

डिसेंबर-जानेवारीतल्या पहाटेच्या विधींना बेळगावची थंडी हाडात शिरते. लोकरी स्वेटरनं सगळा काठ झाकला जातो. त्याऐवजी एका रंगाची पातळ शाल घ्या आणि ब्लाउजची बाही कोपरापर्यंत शिवा.

घरी आल्यावर

साडी लगेच घडी घालून कपाटात टाकू नका. रात्रभर दोरीवर, घरात, पंख्याखाली पसरून ठेवा. घाम आणि अत्तराचा वास जाऊ द्या. गजऱ्याचा डाग पडलाय का बघा. इरकलीचा लाल पदर पहिल्या धुण्यांना रंग सोडतो, म्हणून घरी धुतलीत तर एकटीच, गार पाण्यात, भिजत न ठेवता, आणि पदर अंगावर पडणार नाही अशी वाळत घाला. हँगरवर कायमची लटकवू नका. जुन्या सुती पंच्यात गुंडाळा आणि दर दोन-तीन महिन्यांनी घडी मोडून उलटी घाला, नाहीतर काठ घडीवरच फाटतो.

उसनी आणलेली साडी किंवा माळ आठ दिवसांच्या आत परत द्या. आमच्याकडं ती नुसती देत नाहीत. वर हळदीकुंकवाचं बोट लावलेली सुपारी ठेवतात, नाहीतर चार फुलं. आत्याची बोरमाळ मी तशीच परत नेली होती. तिनं डबी उघडली, मणी एकेक करून बोटानं चाचपले, आणि ती डबी पुन्हा माझ्याच हातात ठेवली. "श्रावणात वडगावच्या लग्नाची बोलणी हायत, तवर राहू दे तुझ्याकडं," म्हणाली. त्या लग्नाला मी विटकरी इरकल नेसले. निऱ्या सोडताना त्यातून अक्षतांचे सात-आठ दाणे पडले, ते तुळशीत टाकले.